बाभळीखालची नाव

वाचकहो, या सदरातून आम्ही आजवर बहुधा पुस्तकांविषयी, सणावारांविषयी आणि आमच्या सीमाभागातील बोलीच्या गमतीजमतींविषयी लिहीत आलो आहोत. या खेपेस विषय सर्वस्वी निराळा आहे. गेल्या मार्गशीर्षात एका जुन्या नावेची परीक्षा करून तिची किंमत ठरविण्याचे काम आमच्यावर येऊन पडले. मराठी घेऊन एम.ए. झालेला, बीदर जिल्ह्यातील सरकारी मराठी शाळेत मुख्याध्यापकी करणारा आणि पोहताही न येणारा माणूस या कामास कितपत लायक, हा प्रश्न वाचकांच्या मनात येण्यापूर्वीच आमच्या घरात मोठ्याने विचारला गेला होता. 'निबंध तपासायला बोलावले असेल, नीट ऐकून घ्या,' असे सौ. म्हणाल्या. पण बोलावणे नावेसाठीच होते.

त्याचे असे झाले. आमची पहिली नेमणूक भीमाकाठच्या एका खेड्यात, अफजलपूर तालुक्यात झाली होती. जिल्ह्याला तेव्हा गुलबर्गा म्हणत; २०१४ पासून त्याचे कलबुर्गी झाले. त्या शाळेतील आमचा एक विद्यार्थी आता चाळिशीला पोहोचला आहे. मासेमारी हा त्याचा धंदा; शिवाय ज्यांची शेते पलीकडच्या तीरावर आहेत अशा बायामाणसांना, त्यांच्या पोरांना आणि वैरणीच्या भाऱ्यांना तो सकाळ-संध्याकाळ पार नेतो. आजवर त्याने हे सारे एका गोल टोपलीनावेवर भागविले. कानडीत तिला हरिगोलू म्हणतात. बांबूच्या कामट्यांची परडी विणायची, पूर्वी तीवर चामडे चढवीत, आता ताडपत्री आणि डांबर. सुमारे १५२० साली विजयनगरास आलेल्या दोमिंगो पायस नावाच्या पोर्तुगीज प्रवाशाने तुंगभद्रेवरच्या अशाच चामड्याने मढविलेल्या गोल नावांचे वर्णन करून ठेवले आहे. म्हणजे पाचशे वर्षांत बदलले ते केवळ कातडे. परंतु टोपलीनाव वाऱ्यात गिरक्या घेते, आणि माणसे वाढली की तिचा काठ पाण्याला टेकू लागतो. म्हणून याला लाकडी नाव हवी होती. गावात अशी एक नाव होती. एका वृद्ध नावाड्याची. तो गेल्यापासून ती नदीकाठच्या बाभळीखाली पडून होती. त्याची विधवा पत्नी, जिला सारा गाव अक्का म्हणतो, तिने पंचेचाळीस हजार मागितले. आमच्या शिष्याने पंधरा हजार देऊ केले. आठ दिवस घासाघीस होऊन दोघेही आपापल्या जागेवरून हलेनात, तेव्हा 'गुरुजी सांगतील ती किंमत' यावर दोघांची मान डोलली. कारण एवढेच, की आम्ही एके काळी दोन्ही घरांतील मुलांना शिकविले होते.

वाचकांपैकी पुष्कळांना भीमेची ओळख पंढरपूरपुरतीच असते. भीमाशंकरापाशी उगम पावणारी, पंढरपुरास चंद्रकोरीसारखे वळण घेऊन चंद्रभागा म्हणवून घेणारी ही नदी पुढे कोठे जाते याची वास्तपुस्त इंदूर-बडोद्याकडे सहसा कोणी घेत नाही. ती आमच्याकडे येते. ८६१ किलोमीटरांच्या प्रवासातील शेवटचा टप्पा ती कर्नाटकात चालते, गाणगापुराजवळ अमरजेला पोटात घेते आणि रायचूरच्या उत्तरेस कृष्णेला मिळते. एके काळी या साऱ्या पट्ट्यात पूल विरळ होते आणि गावोगावचे उतार नावाड्यांच्या हाती होते. पुढे पूल आले, बंधारे आले, त्यांवरून रस्ते गेले, आणि नावाड्याचे काम शेतकऱ्याच्या गरजेपुरते उरले. आमच्या शिष्याच्या घरात भिंतीवर अंबिगर चौडय्यांची तसबीर आहे. बाराव्या शतकात बसवेश्वरांच्या कल्याणात, म्हणजे आमच्याच जिल्ह्यातील आजच्या बसवकल्याणात, जे शरण जमले त्यांतील हे परखड वचनकार. अंबिग म्हणजे नावाडी. असो.

एकटे जाण्याचे धाडस आम्हांस नव्हते. भालकीस आमच्या शेजारी एक वृद्ध मिस्त्री राहतात. मूळचे पंढरपूरकडचे, आणि तरुणपणी त्यांनी चंद्रभागेवरच्या होड्यांची डागडुजी केलेली. त्यांना गळ घातली. बसमध्ये त्यांनी आम्हांस एकच सूचना दिली: 'गुरुजी, तिथं गेल्यावर अर्धा तास तोंड उघडायचं नाही. चांगली म्हणायचं नाही, वाईटही म्हणायचं नाही.' वर्गात आम्ही मुलांना हेच सांगत आलो. आम्हांस कोणी सांगण्याची ही पहिलीच वेळ.

नाव सुमारे बारा हात लांब, तळाशी सपाट. फळ्या सागवानाच्या, आणि त्या फळ्यांना आतून धरून ठेवणारी वाकडी लाकडे, ज्यांना मिस्त्री बरगड्या म्हणत, ती बाभळीची. ऑक्टोबर २०२० मध्ये भीमेला महापूर आला तेव्हा हीच नाव वाड्या-वस्त्यांवरून माणसे काढीत दोन दिवस फिरली होती, असे गावकरी सांगतात. पुढच्याच उन्हाळ्यात नावाडी वारला. त्यानंतर पाच पावसाळे ती बाभळीखाली, तोंड आभाळाकडे करून, उघडी पडलेली. आत पाला, शेंगा, माती. त्या मातीत गवत उगवून वाळलेले. एका कोपऱ्यात कुत्रीने पिले घातल्याच्या खुणा. मात्र बाहेरून डाव्या अंगाला ताजा निळा तेली रंग लावलेला होता. उजव्या अंगाला नव्हता. रस्ता डावीकडून येतो.

मिस्त्रींनी नावेला हात लावण्यापूर्वी तिच्याभोवती तीन फेऱ्या घातल्या. मग पुढच्या टोकाशी उकिडवे बसून, एक डोळा मिटून, मागच्या टोकापर्यंत नजर टाकली. आमच्या हाती सुतळीचे एक टोक देऊन दुसरे त्यांनी मागे धरले आणि ती तळाच्या मधल्या फळीलगत ताणली. सुतळी आणि फळी यांमध्ये मधोमध बोटभर जागा राहिली. नाव बरीच वर्षे उंचसखल जागी पडून राहिली की तिची पाठ अशी वाकते; बोटभर चालते, वीतभर असती तर आम्ही तेथूनच परतलो असतो, असे त्यांनी पुढे सांगितले. आम्हांस गुरांच्या बाजाराची आठवण झाली. आमच्याकडे देवणी बैलाची पारख करणारा जाणता शेतकरीही असाच आधी दुरून चाल पाहतो, पाठीची रेघ पाहतो, आणि दात सर्वांत शेवटी. हेडा मात्र तुम्हांस आधी शिंगांचा रंग दाखवितो.

यानंतर पिशवीतून एक लाकडी मोगरी निघाली. मिस्त्री फळीफळीवर हलके ठोके देत चालले आणि आम्हांस म्हणाले, 'डोळे मिटून ऐका.' खरोखर, कानाला जे कळत होते ते डोळ्यांना कळत नव्हते. निकोप लाकूड खणखणीत बोलते. कुजलेले लाकूड ओल्या पोत्यावर काठी मारावी तसे भद्द करते. नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, अर्ध्यापर्यंत सूर चांगला लागला. पुढे डाव्या अंगाला, त्या सुंदर निळ्या रंगाखाली, मागच्या बाकाच्या खालच्या फळीवर आवाज बदलला.

फळ्यांच्या सांध्यांतून मात्र सर्वत्र उजेड दिसत होता. काही ठिकाणी तर एक रुपयाचे नाणे सरकेल. आमच्या शिष्याने त्याच फटींकडे बोट दाखवून 'बघा सर, चाळणी आहे चाळणी' असा सूर लावला होता, आणि आम्हांसही तो पटला होता. मिस्त्रींनी तिकडे ढुंकूनही पाहिले नाही. कोरडे लाकूड आकसते आणि पाणी प्यायलेले फुगते. लाकडी नाव उन्हात राहिली की तिचे सांधे उघडणारच; तीन-चार दिवस पाण्यात बुडवून ठेवली की त्या फळ्या फुगून एकमेकींना भिडतात आणि अर्ध्याअधिक फटी आपोआप मिटतात. उरलेल्यांत काथ्या ठोकून वर डांबर-राळ बसवायची. म्हणजे जो दोष सर्वांत मोठा दिसत होता तो दोषच नव्हता, आणि खरा दोष ताज्या रंगाखाली झाकला गेला होता. विकत घेणाराही आपल्या सोयीचे दोष मोठे करून सांगतो, हे आम्ही येथे आमच्या लाडक्या शिष्याविषयी नमूद करून ठेवतो.

लाकूड कुजते कशाने, हे आम्ही मिस्त्रींना विचारले. पाण्याने, असे उत्तर येईल ही आमची अपेक्षा. ते हसले. सतत पाण्याखाली असलेले लाकूड फारसे कुजत नाही, कारण कुजविणारी बुरशी हवेवाचून जगत नाही. बंगाल्यात तर हंगाम संपला की नावा जाणूनबुजून तळ्यात बुडवून ठेवतात. पूर्ण कोरडे लाकूडही कुजत नाही. कुजते ते अर्धवट ओले लाकूड, जिथे पाणीही आहे आणि हवाही आहे. आणि समुद्राच्या खाऱ्या पाण्यापेक्षा आभाळाचे गोडे पाणी या बाबतीत अधिक घातकी. मीठ बुरशीला मानवत नाही. उघड्या नावेत पावसाचे पाणी साचते, पाला ते धरून ठेवतो, आणि ज्या कोपऱ्यात ते महिनोन् महिने मुरते तो कोपरा जातो. खाली जमिनीला टेकलेल्या भागाला वाळवी लागते ती वेगळीच. चार पैशांची ताडपत्री टाकून, किंवा नुसती पालथी करून खाली दोन दगड दिले असते तर या नावेची पाचही वर्षे जमेस राहिली असती. तीस वर्षांच्या वापराने जे बिघडले नव्हते ते पाच वर्षांच्या विश्रांतीने बिघडले होते.

मग मिस्त्रींनी लोखंडी टोचा काढला. बुरशीची आवडती ठिकाणे त्यांना पाठ होती: बाकांची टोके जिथे फळीला भिडतात ती जागा, बरगडीच्या खालचा कोपरा, मागचे दोन्ही कोन, आणि प्रत्येक खिळ्याचा भोवताल. खिळ्याभोवती काळी-तांबडी रेघ फुटली असेल तर आतला खिळा गंजून सुईसारखा झाला आहे असे समजायचे, मग फळी कितीही चांगली असो. चांगल्या लाकडात टोचा दोन गव्हांएवढा जातो आणि थबकतो. त्या निळ्या रंगाखालच्या फळीत तो मुठीपर्यंत गेला. आवाजही झाला नाही.

मिस्त्रींनी टोचा काढून घेतला, भोक अंगठ्याने दाबून झाकले आणि आमच्याकडे पाहिले. शिष्य पलीकडच्या अंगाला होता. त्याला दिसले नव्हते. अक्का दहा पावलांवर बाभळीच्या बुंध्याशी बसल्या होत्या. त्यांना दिसले असावे.

तेथे आमची खरी परीक्षा होती, नावेची नव्हे. अक्कांना पैशांची निकड होती. डोळ्याचे ऑपरेशन व्हायचे होते आणि लेकीकडे हात पसरायचा नव्हता. ही फळी उघड केली की किंमत कोसळणार. न केली तर? लाकूड वरवर शाबूत दिसेल, दोन-चार महिने चालेलही, आणि एखाद्या संध्याकाळी खुरपणीहून परतणाऱ्या बारा बाया आणि त्यांची चार पोरे मध्यधारेत असताना बाकाखालची फळी सुटेल. त्या पोरांतील काही आजही आमच्या त्याच जुन्या शाळेत जातात.

आम्ही अक्कांपाशी जाऊन बसलो. त्या कानडीत बोलल्या, आम्ही येथे मराठीत देतो. 'गुरुजी, ती फळी गेली आहे,' त्याच आधी म्हणाल्या. 'रंग मी नाही लावला. पुतण्याने लावला, हॉटेलवाल्याला दाखवायला. पोराला मी सांगणारच होते.' सांगणार होत्या की नाही, हे ठरविण्याच्या भरीस आम्ही पडलो नाही. पण हॉटेलवाल्याचे नाव आम्ही प्रथमच ऐकत होतो. महामार्गावर नव्याने हॉटेल काढणारा कोणी गृहस्थ आला होता. नाव दारात मांडून तीत कुंड्या ठेवायच्या, लोक फोटो काढतील, असा त्याचा बेत. त्याने तीस हजार रोख बोलून ठेवले होते. त्याला कुजक्या फळीचे सुतक नव्हते. उलट थोडी जीर्णच त्याला हवी होती!

एकाच वस्तूची दोन मोले असतात हे तोपर्यंत आमच्या ध्यानात आले नव्हते. कुंड्यांसाठी तीस हजार. पाण्यासाठी किती, हे काढायचे होते.

त्या रात्री शिष्याच्या ओसरीवर वही उघडून आम्ही हिशेबाला बसलो. अक्कांचा पंचेचाळिसाचा आकडा कोठून आला हे आम्ही विचारून घेतले होते. नवी नाव नव्वदला पडते, जुनी म्हणून निम्मी. शिवाय या नावेने तीस वर्षे घर चालविले, दोन लेकींची लग्ने केली, पुरात माणसे काढली. ते सारे खरे. पण त्यातले काहीही नव्या मालकाला तरंगण्याच्या कामी येणार नव्हते. शिष्याचा पंधराचा आकडा जळाऊ लाकडाच्या भावाने काढलेला होता, आणि उभ्या नावेला सरपण समजणे हाही अन्यायच. मिस्त्रींची रीत तिसरी. नवी किती, हे सोडा. दुरुस्त झाल्यावर ही नाव कितीची होईल, ते आधी ठरवा. नव्या फळ्या घातल्या तरी बाकीचे लाकूड तीस वर्षांचे. म्हणजे तिचे आयुष्य नव्या नावेच्या निम्म्याहून थोडे अधिक. पंचावन्न हजार म्हणू. त्यातून दुरुस्तीचा खर्च वजा करा. लाकूड बारा हजार. खिळे, काथ्या, राळ, डांबर मिळून चार हजार. दोन माणसांची सात दिवसांची मजुरी चौदा हजार. एकूण तीस. उरले पंचवीस. आता यातून, जे आज दिसले नाही त्याच्यासाठी काही काढून ठेवा. जुनी नाव उघडली की आत काहीतरी निघतेच. तीन हजार. राहिले बावीस.

त्या रात्री आम्हांस जोशुआ स्लोकम आठवला. हा अमेरिकन खलाशी. शिडाच्या जहाजांचे दिवस सरल्यामुळे बेकार झालेला. १८९२ साली एका जुन्या परिचित कप्तानाने त्याला फेअरहेवन गावी एक 'जहाज' फुकट देऊ केले. जाऊन पाहतो तो 'स्प्रे' नावाची एक पुराणी नौका शेतात टेकू देऊन, कापडाने झाकून सात वर्षे उभी! स्लोकमने तिची एकेक फळी आणि एकेक बरगडी बदलली. तेरा महिने लागले आणि सामानाला ५५३ डॉलर ६२ सेंट. २४ एप्रिल १८९५ रोजी बोस्टनहून तो त्याच नौकेतून एकटा निघाला आणि २७ जून १८९८ रोजी न्यूपोर्टला परतला. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा तो पहिला पुरुष. त्यालाही आमच्याप्रमाणे पोहता येत नव्हते, हे आम्ही जरा अभिमानाने सांगितले. मिस्त्रींनी सारे शांतपणे ऐकले आणि विचारले, 'तेरा महिन्यांची मजुरी कुठं धरली त्यानं?' खरेच, स्लोकमने ती धरलेली नाही. फुकट मिळालेली नाव फुकट पडत नाही, आणि ज्याच्या हातांत स्वतःचा कसब आहे त्यालाच ती परवडते. आमच्या शिष्याला जाळे विणता येते. पटाशी धरता येत नाही. (स्लोकम १९०९ साली त्याच 'स्प्रे'तून पुन्हा निघाला तो परतला नाही, हे आम्ही ओसरीवर सांगितले नाही.)

कागदपत्रांची चौकशीही आम्ही केली, कारण तेवढे आमच्या आवाक्यातले होते. नाव वल्ह्याची आणि बांबूने रेटायची. पुढेमागे इंजिन बसविण्याचा विचार असेल तर नोंदणी आणि तपासणीचे प्रमाणपत्र लागेल. १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ साली अंतर्देशीय जलयानांचा नवा कायदा आला आहे. इंजिनाचा विचार सध्या सोडून तेवढ्या पैशांत तरंगणारी जाकिटे घ्यावीत, असे आम्ही सुचविले. शिष्याने मान डोलावली. मान डोलावणे आणि जाकिटे घेणे यांतील अंतर आम्ही तीस वर्षे वर्गात पाहत आलो आहोत. म्हणून दुसऱ्या दिवशी अफजलपुरास जाऊन सहा जाकिटांचा इसार आम्हीच देऊन आलो.

बावीस हजारांचा आकडा अक्कांना सांगण्याचे काम सोपे नव्हते. हॉटेलवाल्याचे तीस उभे होते, आणि आठ हजार ही डोळ्याच्या ऑपरेशनवाल्या घरात लहान रक्कम नव्हे. आम्ही हिशेबाची वही त्यांच्यापुढे ठेवून प्रत्येक ओळ कानडीत समजावून दिली आणि शेवटी हेही सांगितले, की पैशांकडे पाहता हॉटेलवाल्याला देणेच तुम्हांस फायद्याचे; तसे केले तर आम्ही किंवा तुमचा हा पोर, कोणीही शब्द काढणार नाही. शिष्याचा चेहरा उतरला. पण ते सांगणे आमचे कर्तव्य होते. पंच नेमले जाऊन एकाच बाजूची वकिली करणे आम्हांस शोभले नसते.

अक्का बराच वेळ वहीकडे पाहत राहिल्या. त्यांना वाचता येत नाही. मग त्यांनी विचारले, हॉटेलच्या दारात नाव उभी राहिली तर तिच्यात माती भरतील ना? आम्ही म्हटले, हो, कुंड्यांसाठी भरतील. 'मातीत पाच वर्षे ठेवली मी तिला,' त्या म्हणाल्या. 'झाले तेवढे.' आणि बावीस हजारांवर हात दिला. त्यांचा निर्णय शहाणपणाचा होता असे आम्ही म्हणणार नाही. आमच्या सौ.चे मत अजूनही तीस हजारांच्या बाजूचे आहे, आणि त्यांचे म्हणणे खोडून काढण्याजोगे आमच्याजवळ काही नाही. पुढे ऑपरेशनसाठी गावाने वर्गणी केली, तीत शिष्याचा वाटा मोठा होता एवढे कळले.

आमचा अंदाज मात्र चुकला. माघात मिस्त्रींनी आपला भाचा कामाला पाठविला. त्याने मागचे बाक काढले तेव्हा कुजलेल्या फळीबरोबर दोन बरगड्याही गेलेल्या निघाल्या. आम्ही पाहिले त्या दिवशी त्या मातीखाली होत्या, आणि ती माती उपसून पाहण्याचे कोणालाच सुचले नव्हते, मिस्त्रींनाही. खर्च सहा हजारांनी वाढला. तीन हजार तर आम्ही धरले होते, उरलेले तीन हजार शिष्याच्या अंगावर पडले. आम्ही निम्मे देऊ केले. त्याने घेतले नाही. आमच्या वहीत तो आकडा लाल शाईने लिहिलेला आहे. जुनी नाव घेऊ पाहणाऱ्या कोणा वाचकाचे कल्याण व्हायचे असेल तर त्याने इतर सारे विसरावे, पण पाहणीच्या आधी आतली माती उपसून काढावी.

फाल्गुनात नाव पाण्यात घातली. त्या दिवशी आम्ही मुद्दाम रजा काढून गेलो. काठाशी बांधून, आत दगड ठेवून ती तीन दिवस बुडविलेली होती. चौथ्या दिवशी दगड काढले, पाणी उपसले. सगळे वाकून आत पाहत उभे. सांधे मिटले होते. नव्या फळीचा पिवळा रंग जुन्या काळ्या फळ्यांत उठून दिसत होता. मागे डावीकडे, नवी आणि जुनी फळी भेटतात तेथे, बारीक धार येत होती. मिस्त्री म्हणाले, दोन दिवसांत बसेल. नाही बसली तर काथ्या आहे.

अक्का सकाळपासून काठावर होत्या, पण जवळ आल्या नव्हत्या. नाव सुटायच्या वेळी त्या उठल्या, पदराखालून एक डबा काढला. रॉकेलचा जुना डबा तिरपा कापून, लाकडी मूठ बसवून केलेले पाणी उपसायचे साधन. मूठ हातांनी घासून गुळगुळीत झालेली. पाच वर्षे तो त्यांनी घरात ठेवला होता. 'हा किमतीत धरला नव्हता,' त्या शिष्याला म्हणाल्या. 'डाव्या बाजूच्या मागच्या बाकाखाली ठेव. तिथे पाणी आधी येते.'